दोन्ही डूल अगदी सारखे

४ मार्च
जोडी परत आली! गिऱ्हाईक म्हणतं, फसवणूक आहे. का, तर दोन्ही डूल अगदी सारखे. म्हणजे यंत्रावरचेच!

सासूबाईंचे डूल! चांदीची तार केसाइतकी बारीक ओढायची, चिमट्याने वळवत एकेक पाकळी बसवायची – चाळीस वर्षं हेच करताहेत.

खापर मात्र माझ्यावर. दुकानात प्रत्येक डबीत कारागिराची चिठ्ठी असते – कुणी केलं, कसं केलं. त्या चिठ्ठ्या मी लिहिते. मागच्या महिन्यात झोकात लिहून मोकळी झाले: 'हाताचं काम. यातले दोन डूल कधीच एकसारखे नसतात.' वाक्य सुंदर वाटलं. खरं आहे का, ते कोण बघतंय!

म्हटलं, चिठ्ठी बदलते. दुकानवाली ताई म्हणाली, "छे! लोकांना तेच वाक्य आवडतं. त्यापेक्षा तुमच्या सासूबाईंना म्हणावं, थोडं वाकडं करा. अशाच जोड्या परत येत राहिल्या तर त्यांचं काम मला थांबवावं लागेल हो."

५ मार्च
सांगितलं. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"वाकडं?"

"थोडंसंच, आई."

"हात सरळ व्हायला वीस वर्षं गेली माझी. आता वाकडा करायला आणखी वीस कुठून आणू?"

विषय संपला. काम बंद झालं तर ही बाई दिवसभर करील काय? मलाच सरळ करायला घेईल.

८ मार्च
दुपारी त्या आडव्या झाल्या की मी त्यांच्या टेबलाशी बसते. लग्नानंतर मला शिकवायला घेतलं होतं, चार दिवसांत हात टेकले होते. तेच माझे आडमुठे हात आज कामी आले! एक डूल फुगलेला, दुसरा रुसलेला. त्यांच्या तीन जोड्या कपाटात साड्यांखाली दडवल्या, माझ्या तीन दुकानात धाडल्या.

१२ मार्च
तिन्ही विकल्या गेल्या! ताईचा फोन – "काय जिवंतपणा आलाय हो त्यांच्या हातात!" हसू दाबताना ठसकाच लागला.

१३ मार्च
पाप आहे हे. चिठ्ठीवर नाव त्यांचं. आणखी दोन जोड्या केल्या.

१७ मार्च
पकडले गेले. झोपल्याच नव्हत्या! माझा डूल उचलून उजेडात धरला.

"हे कुणाच्या नावावर खपवतेस?"

"...तुमच्या."

"बरं झालं, तुझे सासरे हे बघायला नाहीत."

मला वाटलं, आता महिनाभर अबोला. तर म्हणाल्या, "सरक. वाकडं हवंय ना तिला? देते वाकडं."

संध्याकाळपर्यंत जोडी तयार. उजवीकडची तिसरी पाकळी खाली लोंबतेय. दोन्ही डुलांत. तेवढीच! एकावर एक ठेवून पाहिले – सुईच्या टोकाइतकाही फरक नाही. आणि या गालातल्या गालात हसताहेत. कसली खट बाई आहे!

२० मार्च
ताईने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, वाकडेसुद्धा सारखेच?" आता शेवटची एक जोडी बघते म्हणाली. मग नाही.

सासूबाई म्हणाल्या, "न बघू दे. माझ्या हातून दोन तऱ्हेचे डूल निघायचे नाहीत." जेवल्या मात्र अर्धवट.

२५ मार्च
निघाले! एका डुलाची पाकळी जरा बसकी, दुसऱ्याची नाही. ताई जाम खूश – "जमलं की त्यांना! असंच चालू ठेवा म्हणावं."

घरी आल्या आल्या चिडवलं, "हरलात की नाही, आई?" चिमटा पुसत राहिल्या. रुसल्या वाटतं. रुसू देत!

२६ मार्च
मुद्दाम केलं नव्हतं. आज सकाळी त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थांबतच नव्हती.

"ताईला बोलू नकोस हं," म्हणाल्या. "तिला आवडलंय ना?"