बुधवारी निघून बुधवारीच

आई,

आज तुझं श्राद्ध झालं. जेवणं आटपून पानं उचलताना अक्का सहज एक वाक्य बोलली आणि मी जागच्या जागी गार पडलो. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, आई अचानक गेली, कुणाला काही करायला सवडच मिळाली नाही. अचानक कुठली! आठवडाभर अंथरुणात होतीस तू, आणि मला कळवू दिलं नाहीस.

टी. नगरच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं ना, राहुकाळ बघायचं? मी पहिल्यांदा मद्रासहून शिकागोला निघालो तो बुधवार. विमान पहाटेचं, राहुकाळाच्या कितीतरी आधीचं, म्हणून तू विमानावर खूश. पोचल्यावर मी तार केली, बुधवारीच पोचलो. झालं! पुढे सुट्टीला आलो तेव्हा तू कॉफी गाळता गाळता शेजारच्या मामींना सांगत होतीस, "रात्रीच्या गाडीनं तंजावरला गेलं तर एक पान फाडावं लागतं. हा अमेरिकेला गेला, पान तस्संच! तंजावरच लांब म्हणायचं." मामी हसल्या, अक्का हसली, मीही हसलो. तू चेष्टा करतेयस असंच वाटलं गं मला. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे मागे घेतात म्हणून तारीख तीच राहते, प्रवास अख्ख्या दिवसरात्रीचा असतो, आणि येताना तर तारीख दोनदा उलटते, हे तुला समजावून सांगायचं मनातसुद्धा आलं नाही. मी कधी येणार एवढंच तुला पत्रातून कळायचं. कधी निघालो ते तू विचारलं नाहीस, मी लिहिलं नाही.

आणि आज अक्का म्हणते, "सोमवारी मी ट्रंककॉल लावायला निघाले, तर हात धरून बसवलं तिनं. म्हणाली, अय्यो, पोराला आत्तापासून कशाला घाबरवतेस? नवी नोकरी त्याची. अगदीच वाटलं तर बोलवू, त्याच दिवशी येतो तो." मी ओरडलोच अक्कावर, "आणि तू ऐकलंस?" तर ती कावरीबावरी होऊन म्हणाली, "मला तरी विमानातलं काय कळत होतं रे? ती इतक्या खात्रीनं सांगत होती."

शुक्रवारी फोन आला. तोपर्यंत तू गेली होतीस. रविवारी मी दारात उभा राहिलो तेव्हा मावशीचा मुलगा डोकं भादरून आत बसला होता. माझ्या जागी त्यानं अग्नी दिला होता.

मला राग आलाय, आई. कुणाचा ते कळत नाही. तू तिथे पडून खुशाल वाट बघत होतीस, पोरगा हाकेच्या अंतरावर आहे म्हणून. कसली गं ही माया! मी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, कचेरीत बसून सँडविच खात होतो, आणि मला पत्ताच नाही.

हे पत्र उद्या फाडून टाकेन. अक्काच्या हाती लागता कामा नये. दुपारी ती पदराच्या टोकाशी चाळा करत, माझ्याकडे न बघता विचारत होती, "सोमवारी फोन केला असता, तर तुला आई भेटली असती का रे?" मी म्हणालो, छे गं, तिकीटच मिळालं नसतं.

खोटं बोललो. भेटली असतीस.