बाजरीच्या कोठीतली बाटली

तिसगाव,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. सिल्व्हिया हिला मार्थाआजीचा सलाम.

मी बरी आहे, गुडघे सोडून. तू, रोहिणी आणि तुझे आईवडील सोनईत बरे असाल. तुझी आई बरी असणारच, तिला काय धाड भरली आहे.

फोनवर मी हॅलो म्हणायच्या आत तू ठेवतेस, म्हणून पत्र लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत, जोडाक्षरं सांभाळून घे. फाडायचं असलं तर वाचून फाड, एवढंच म्हणणं.

नाताळ झाला. चर्चला गेले. केक मालनबाईने आणून दिला, शेजारधर्म म्हणून. दगड बरा. चहात बुडवून दोन दिवस खाल्ला.

आता तुझ्या नवऱ्याचं, माझ्या नातवाचं. मार्क नगरच्या व्यसनमुक्ती सेंटरला आहे हे तुला कळलंच असेल. ऑक्टोबरात त्याला फिट आली. दातखीळ बसली, डोळे पांढरे झाले. टेम्पोत घालून नगरला नेला. मला वाटायचं, दारूडा एकदा दवाखान्यात टाकला की सुधारून बाहेर येतो. तसं नसतं म्हणे. दारू सोडायच्याही शाळेसारख्या इयत्ता असतात. पहिली इयत्ता दवाखान्यात, नऊ दिवस. तिथं फक्त अंगातली दारू उतरवतात. सलाईन, सुया, दिवसरात्र नर्स उशाला. पोरगं भिंतीवरच्या मुंग्या झाडत होतं आणि भिंतीवर एक मुंगी नव्हती. नवव्या दिवशी पोटभर जेवला, तेव्हा मी पिशवी भरली. डॉक्टर म्हणाले, "आजी, कुठं निघालात? आत्ता तर सुरुवात झाली."

दुसरी इयत्ता सेंटरला, तीन महिने मुक्काम. सहाला उठायचं, खोली झाडायची, आपली ताटली आपण धुवायची, गोल बसून बोलायचं. ताटली धुतो गं तो! माझ्या घरात पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला नाही कधी. सेंटरचे दोन पंखे जळाले होते, ते त्याने उघडून पुन्हा वाइंडिंग केले. मी मुद्दाम त्याच्या हाताकडे बघत बसले. तार भरताना बोट हललं नाही. तुझ्या लग्नाच्या वर्षी त्याचे हात असे होते.

तिसऱ्या इयत्तेत घरी राहायचं आणि रोज एसटीने सेंटरला जाऊन यायचं. पुढे आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. मधे घसरला तर नापास म्हणत नाहीत, मागल्या वर्गात नेऊन बसवतात. माझ्या वेळेला असं असतं तर मी चौथी तरी बघितली असती.

एकतीस तारखेला त्याची दुसरी संपते. घरी सोडायचा तर घरातल्या जबाबदार माणसाची सही लागते. तिथल्या ज्ञानेश्वरी मॅडमनी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, मला विचारू नका. बरोबर आहे. मग सही मी करीन. पंचवीस तारखेला शनिवारी घरच्यांची बैठक असते, तिला मला बोलावलं आहे.

तू त्या बाटलीवरून गेलीस. दळणाला बाजरी काढायला कोठीत हात घातलास आणि बाटली हाताला लागली. तो म्हणाला माझी नाही. तू बायबल पुढं केलंस, त्याने हात ठेवला. "बायबलवर हात ठेवून खोटं बोलतो, त्याच्यासंगं मी राहणार नाही," म्हणालीस आणि पोरीला घेऊन साडेसहाच्या गाडीने गेलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या बाटलीचं कधीतरी सवडीने बोलू.

हरभरा यंदा बरा आहे. रोहिणीला दात नवे आले का? तिला म्हणावं, ऊस दाढेने खा.

मार्थाआजी


तिसगाव,
ता. २६ जानेवारी २०२५

सिल्व्हिया,

सलाम. सही झाली नाही.

काल बैठकीला गेले. बारा-पंधरा माणसं गोल बसली होती, निम्मे पिणारे, निम्मे त्यांच्या घरचे. माझ्या शेजारी चांदबी, तिथल्याच जीशान नावाच्या पोराची आई, पदराने घाम पुसत. ज्ञानेश्वरी मॅडम तुझ्याएवढीच आहे, पण आवाज हेडमास्तरणीचा. कागद मांडीवर घेतला आणि मला विचारलं, "आजी, मार्क घरी आला तर घरात दारू कुठून येईल?"

मी म्हटलं, "मी दारातच बसती. कोण आनतंय बघती."

"आणि आजपर्यंत कुठून आली?"

मार्क खाली बघून म्हणाला, "मॅडम, म्हातारीला कशाला विचारता? मीच आनायचो."

झालं असतं. तिने पेन उघडलं होतं. मी एक सही ठोकली असती आणि एकतीसला पोराला घेऊन आले असते. पण सही करायची तर कागद वाचायचा, ही माझी खोड. मी एकेक अक्षर लावत वाचलं. खाली लिहिलं होतं, 'मी रुग्णाला कधीही दारू पुरवलेली नाही.' सिल्व्हे, तिसरीपर्यंत शिकले याचा तेवढा एकदा मला राग आला.

मी म्हटलं, "गप ऱ्हा रं. मी आनायची."

तुला आता नीट सांगते, एकदाच सांगते. बाटली माझी होती. बाजाराच्या दिवशी मी स्वतः आणायचे, पिशवीत तळाला, वर मेथीची जुडी. सत्यवान, माझा लेक, तुझा सासरा, कसा गेला ते तुला माहीत आहे. मी घरात थेंब येऊ दिला नाही म्हणून तो बाहेर प्यायचा, आणि एका पहाटे बाजारतळावरच्या ओट्यावर थंडीत मेलेला सापडला. मार्क नऊ वर्षांचा होता. तेव्हा ठरवलं, या पोराची वेळ आलीच तर घरात, माझ्या डोळ्यादेखत, मापाने. आणि वेळ आली.

मापही सांगते. चर्चमधले प्रभुभोजनाचे काचेचे बारके पेले धुवायला माझ्याकडे असतात. एकाची कड उडाली होती, पाळकसाहेब म्हणाले काढून टाका. मी तो घरी ठेवला. त्या पेल्याने चार मापं, दिवस मावळला की, परसात, तू भाजी फोडणीला टाकायचीस तेव्हा. त्याहून थेंब जास्त नाही. मला वाटायचं मी औषध देते. तो तेवढं घेऊन वर बाहेरची किती प्यायचा हे मला कळत नव्हतं, की मी कळू देत नव्हते, देव जाणे.

तू कोठीतून बाटली काढलीस तेव्हा मी चुलीपाशी होते. मार्कने माझ्याकडे एकदा बघितलं. मी तव्याकडे बघितलं. भाकरी कोळसा झाली तरी उलटली नाही. त्याने बायबलवर हात ठेवला आणि खरं तेच बोलला, आणि तू त्याला खोटारडा म्हणून गेलीस. मी नऊ वाजता जेवले. सांगायला लाज वाटते, पण जेवले.

फिटचंही अर्धंच लिहिलं होतं. तू गेल्यावर महिनाभर तो कहर प्यायला. मला राग आला, मी त्याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. एक थेंब दिला नाही. तिसऱ्या दिवशी फिट आली. मॅडम म्हणाल्या, एवढी वर्षं पिणाऱ्याची अशी एकाएकी तोडली तर माणूस मरतो, म्हणून पहिली इयत्ता दवाखान्यात असते. "आजी, देणंही तुमच्या मापाने आणि तोडणंही तुमच्या मापाने. दोन्ही वेळा डॉक्टर तुम्हीच." ओरडली नाही. ओरडली असती तर मी चार शब्द ऐकवले असते.

चांदबीने माझा हात धरला. म्हणाली, "आमी बी द्यायचो, बाई. गोदडीत लपवून." तिचा हात घामाने चिकट होता. सोडवायचा होता, पण सोडवला नाही.

मॅडमनी कागद परत घेतला. मार्क माझ्या घरी येणार नाही.

हे वाचून तुझ्या आईला दाखवलंस तरी चालेल. तिला इतकी वर्षं माझ्यात काही सापडत नव्हतं, तिचीही सोय होईल.

मार्था


तिसगाव,
ता. ६ एप्रिल २०२५

चि. सौ. सिल्व्हिया हिला सलाम. रोहिणीला पापा.

काल नगराहून घरी पोचले. गाडीला गर्दी होती, एका पोरीने जागा दिली आणि वाटभर स्वतःच्या सासूच्या चुगल्या सांगितल्या. मी तिसगावला उतरताना तिला म्हटलं, तुझी सासू असेल वाईट, पण तिचंही एकदा विचारून बघ. कोण मी, आणि काय सांगते.

भेटल्यावर तोंडाने बोलता येतं तरी कागदच बरा वाटतो. तुझ्यासमोर मी टोचून बोलते. कागदावर टोचायला वेळ लागतो, तेवढ्यात राग निवतो.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारचं लिहायचं राहिलं होतं. मार्कला मॅडमनी घरी न सोडता सेंटरमागच्या खोलीत जीशानसोबत ठेवलं होतं. दिवसा वाइंडिंगच्या दुकानात काम, चार वाजता सेंटर. मी बैठकीला गेले तर तू समोरच्या खुर्चीत. मला वाटलं, आता माझी भाजून भाकरी करणार. पण तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. मार्कला विचारलंस, "बाटली आजीची होती, तर सांगितलं का नाहीस?"

मला त्याचं उत्तर माहीत होतं, असं वाटत होतं. पोराने आजीची अब्रू राखली. संसार मोडू दिला, पण म्हातारीचं नाव घेतलं नाही. पाच महिने मी त्यावर मनात तूप ओतत होते, खोटं कशाला बोलू.

आणि तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू तिला तोडलं असतंस. मग मला संध्याकाळची कोण देनार हुतं?"

अब्रू कसली. त्याने माझी नाही, पेल्याची राखण केली होती. त्या घटकेला माझं तोंड कडू झालं. आणि तू हसलीस. भर बैठकीत तू पदर तोंडाला लावून खदखदा हसतेस. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता कळतं. लग्नाच्या नऊ वर्षांत तो तुझ्यापुढे स्वतःची लाज जाईल असं खरं पहिल्यांदा बोलला होता. बायबलवर हात ठेवून बोलला ते खरं होतं, पण निम्मं. हे पुरतं होतं.

मग तू कागद मागितलास. "सही मी करते," म्हणालीस, "पण तिसगावात राहणार नाही. नगरात खोली घेईन, माझी शिलाई मशीन घेऊन येईन. आजी एकट्या राहतील." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघता, सही तिची आहे.

खरं सांगू का, घर मोठं वाटतं. मालनबाई म्हणते, "लेकरू वाढवलं तुमी, आन् घेऊन गेली ती. हे काय न्यायाचं हाय का?" मी म्हटलं, तुझा केक खाऊन जगले, आता न्यायही तूच करणार का? गेली तरातरा. परवा पुन्हा आली, दही घेऊन.

तुझी खोली मला आवडली. खिडकी पूर्वेला आहे, मशीनवर उजेड पडतो. मार्क आता आठवड्यातून तीनदाच सेंटरला जातो, पुढल्या महिन्यात एकदाच. रोहिणी त्याच्या पाठीवर बसून पाढे म्हणत होती आणि तो चुकत होता, सातचा. पिऊन चुकत नव्हता, येत नाही म्हणून चुकत होता. ते बघून जिवाला बरं वाटलं.

शनिवारी बैठक झाली की तुझ्या घरी दोन तास, आणि पिशवी दारातच उघडून दाखवायची, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पहिल्या वेळी माझी लोणच्याची बरणी तू उघडून हुंगलीस, तेव्हा शेजारीण बघत होती. मान खाली गेली, पण तू हुंगत जा. तुझ्या जागी मी असते तर म्हातारीला पायरीही चढू दिली नसती. एक मागते, ऐकायचं असलं तर ऐक. मार्कचा हात माझ्यासमोर कधी थरथरताना दिसला, तर मला खोलीबाहेर काढ. मी दया दाखवीन, आणि माझी दया कशी असते ते तू बघितलं आहेस.

मॅडमना विचारलं, माझी ही दोन तासांची मुदत कधी वाढवायची? ती म्हणाली, "ते सिल्व्हिया ठरवेल." विचारायला नको होतं. तू ठरव किंवा ठरवू नको.

काल मात्र एक झालं, ते तुझ्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. चार वाजले. दोन तास भरले. तू कापड कापत होतीस, मार्कने चहाचं आधण ठेवलं होतं, रोहिणी माझ्या मांडीवर झोपली होती. तू घड्याळाकडे बघितलं नाहीस, निघा म्हणाली नाहीस. अजून अर्धा तास सहज मिळाला असता. मी पोरीचं डोकं उशीवर ठेवलं, चप्पल घातली आणि स्टँडचा रस्ता धरला.

मला कोणी उठवलं नाही, एवढं लक्षात ठेव.

आपल्या वेळेला उठलेली,
मार्था