भिंतीकडची जागा

बोरिवली (पूर्व),
बुधवार, १२ फेब्रुवारी १९८६

प्रिय मालन,

तुला आणि बाळंतीण सुलक्षणाला आशीर्वाद, बाळाला पापा. नातवाचं नाक माझ्यावर गेलंय लिहितेस. बिचाऱ्याला सांभाळा, एवढं नाक घेऊन जन्म काढणं सोपं नाही. मी बरा आहे. भात जमतो, आमटीची मात्र वाट लागते.

बारसं झालं की बाळाला घेऊन इकडे येतो म्हणतेस. येऊ नका. कारण सांगतो.

आमच्या इस्पितळात सध्या तापाची साथ आहे. विषाणू थेट फुप्फुसात उतरतो. तू म्हणशील, तुम्ही एक्स-रे काढणारे, तुम्हाला काय कळतं? अगं, सातवी पास माणसाने शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली, ती उगाच नाही. बरी फुप्फुसं फिल्मवर काळी दिसतात. या तापात ती खालून पांढरी होत जातात, उशीत पिंजलेला कापूस भरावा तशी.

जे गेले, त्यांना मी नीट पाहिलंय. बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आधी अंग मोडून येतं, कोरडा खोकला लागतो. मग ताप उतरतो, घरचे नारळ फोडायला निघतात, आणि तिथेच फसगत होते. नखं जांभळी पडलेली असतात. धाप आपल्याला दिसते, त्या माणसाला कळत नाही. गोराईचा धाकू कोळी मला म्हणाला, "झकास वाटतंय, मास्तर. उद्या होडी काढतो, बघ तू."

एक गोष्ट मात्र पुस्तकात नाही. जायच्या आधी ते सरकतात. वॉर्डातल्या खाटा भिंतीला टेकवलेल्या आहेत. माणूस भिंतीपासून सरकत पार काठावर येतो आणि मागे कुणाला तरी जागा करून देतो. मी धाकूला म्हटलं, "अरे, पडशील ना!" तर उलट मलाच विचारतो, "मग त्यांनी कुठं बसायचं?" भिंत आणि खाट यांच्यात हात घालायलाही फट नाही, मालन. बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. त्यांनी धाकूला पाहिलेलंसुद्धा नाही. त्याही सरकतात.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेंदूला प्राणवायू कमी पडला की भास होतात, दशरथ." मान्य. पण सगळ्यांना एकाच बाजूला?

परवा एक फिल्म धुतली. पुरुष, पन्नाशी उलटलेला. दोन्ही फुप्फुसं निम्म्यापर्यंत पांढरी. फिल्म मात्र सुरेख आली, जराही हललेली नाही. बटण जयवंतने दाबलं. माझ्या हाताखाली शिकलेला, पण 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणायलाच विसरला गाढव. ते मग समोर उभ्या असलेल्या माणसानेच स्वतःला म्हटलं. डावीकडे एक फासळी पूर्वी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली होती.

ती फासळी तुला ठाऊक आहे. लग्नाच्या वर्षी गोठा शाकारताना छपरावरून पडलो होतो, तूच हळद लावलीस.

घाबरू नकोस. उद्या सकाळी भरती होतोय. जयवंतला बजावलंय, माझी खाट भिंतीपासून चांगली हातभर ओढून ठेव. तो म्हणाला, "दशरथभाऊ, तुम्ही पण ना!" पण ओढणार आहे. आज ताप नाही. खरंच छान वाटतंय. नखं पाहिलेली नाहीत. तेवढं एक पाहायचं ठेवलंय.

दुपारी जरा आडवा झालो होतो. जागा झालो तेव्हा मी पलंगाच्या काठावर होतो आणि भिंतीकडची बाजू मोकळी. ती तुझी जागा. इतक्या वर्षांची सवय, म्हणून सरकलो असेन, असं स्वतःला समजावलं. मग हात लावून पाहिला.

जागा गार नव्हती.

बाळाला आणू नका. माझी कितीही आठवण आली तरी तू गावातून हलू नकोस. उलट टपाली फक्त एवढं कळव, तुझ्या स्वतःच्या हाताने, की तू अजून तिथेच आहेस.

पलंगाच्या काठावर बसून लिहिणारा,
तुझा
दशरथ