फळीवरची खूण

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बंद पडलेल्या स्टुडिओने तुझ्या वाचनालयाला तीनशे रेकॉर्डी आणि जुनं टर्नटेबल दिलं, पण सुई धरणारा टोनआर्मच त्यावर नाही, हे वाचून हसलो. घोडा मिळाला, लगाम हरवला!

दुरुस्तीवाल्याकडच्या दोन आर्मपैकी तुझ्या समितीला लांब, वळणदार आर्म आवडला, कारण तो दिसतो छान. समितीला सांग, लग्न जमवायचं नाहीये. तुमची सुई नाजूक आहे. जड आर्मखाली ती बिचारी रेकॉर्डभर अडखळत फिरेल. आखूड, हलकाच घे.

सोबतच्या कागदावर मधल्या खिळ्यापासून आर्मच्या भोकापर्यंतचं अंतर काढून दिलंय. आर्मसोबतचं छापील पत्रक कशाला शोधायचं? तीस वर्षं रेकॉर्डिंगच्या खोलीत काढली, हे आकडे पाठ आहेत. पुस्तकं बांधणाऱ्या तुमच्या बाइंडरकाकांना टर्नटेबलच्या फळीला तिथेच भोक पाडायला सांग. पुढच्या आठवड्यात येऊन आर्म बसवून देतो.

तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.

तुझा
दादा

१० जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू आर्म बसवून, डोळे मिटून ऐकलंस आणि ‘ठणठणीत’ म्हणालास, त्या दिवसापासून रेकॉर्डी ऐकणाऱ्या आमच्या गुरुवारच्या मंडळात तुझंच नाव आहे. पुस्तकांची कपाटं सरकवून आम्ही वीस खुर्च्या मांडतो, तरी दोघे-तिघे उभे असतात.

एक शंका मात्र आहे. रेकॉर्ड संपत आली की गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ फाटतात, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसे. पहिल्यांदा ते बाइंडरकाकांनी ओळखलं. आता मलाही ऐकू येतं. आर्मची निवड चुकली नाही ना? रागावू नकोस, तुझ्या कानापुढे आम्ही काय बोलणार!

वहिनीला नमस्कार. लोभाची सवय झालीय, ती मोडू नकोस.

धाकटी

१५ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आर्मची निवड शंभर टक्के बरोबर आहे. चूक असलीच तर भोकात. पुस्तकं शिवणाऱ्याच्या हाती ड्रिल दिलं की असंच व्हायचं. ज्याचं काम त्यानेच करावं. जरा खडसावून विचार त्यांना.

घाईत आहे. लोभ राहू दे.

दादा

२ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसं केलं. गुरुवारी सगळ्यांसमोर काकांना म्हटलं, की माझ्या दादाने मोजून दिलं होतं, तुम्ही घाई केलीत. त्यांनी चष्मा पुसला, तुझा कागद घडी घालून टेबलावर ठेवला आणि गेले. दोन गुरुवार झाले, ते आले नाहीत. बांधायची पुस्तकंही दुसऱ्याच्या हाती परत पाठवली.

काल आर्मच्या खोक्यात, स्पंजाखाली छापील पत्रक सापडलं. त्यात अंतर २२२ मिलिमीटर आहे. तुझ्या कागदावर २१५, तेवढ्यानेच सुई शेवटी तिरकी पडते. मी पट्टी घेऊन मोजलं. काकांनी भोक नेमकं २१५ वर पाडलंय, केसभरही इकडेतिकडे नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

आकडा कुणाचाही चुकतो, दादा. पण तू स्वतः ऐकलंस ना? मग तुला कळलं कसं नाही? मला तेवढंच सांग.

लोभ आहे, म्हणूनच विचारते.

धाकटी

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पाच दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. लिहायला बसलो की लाज वाटते आणि उठतो.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी कान तपासले. वरचे, बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. शिट्टी गेली, किल्ल्यांचा खुळखुळाट गेला, ‘स’ आणि ‘श’ तर मी समोरच्याच्या ओठांवरून भरून काढतो. तुझ्या वहिनीखेरीज कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला सगळे ‘कान’ म्हणायचे, त्याचेच कान गेले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तुमच्याकडे मी डोळे मिटले ते ऐकण्यासाठी नव्हे. तुमच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. उघडले तेव्हा काका जवळ येऊन हळूच काहीतरी विचारत होते. ओठांवरून कळलं, ‘शेवटी जरा फाटतंय का?’ मी हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

आणि याहून वाईट ऐक. तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हाच मला उमगलं होतं, की दोष भोकाचा नसून माझ्या आकड्याचा असणार. ‘पट्टी घेऊन मोज’ एवढं लिहायला काय जात होतं? पण मोजलं असतं तर ‘तुला कळलं कसं नाही’ हा प्रश्न तू तेव्हाच विचारला असतास. म्हणून त्या भल्या माणसावर ढकललं. आकडा चुकला ती चूक. हे मात्र मी जाणूनबुजून केलं. स्वतःची किळस येते.

तू त्यांना चारचौघांत बोललीस, तर हे पत्रही चारचौघांतच वाच. एक ओळ गाळू नकोस. काकांना बोलावून घे.

लोभ असावा असं लिहायचा हक्क आज नाही. उरला असेल तेवढा ठेव.

दादा

२१ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

वाचलं. खालच्या मानेने वाचलं, पण सगळं. काकांना आणायला मी स्वतः त्यांच्या दुकानात गेले होते आणि आधी माझ्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागितली. पत्र तुझं असलं तरी जीभ माझीच होती.

काका मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. वाचून झाल्यावर माफ केलं असं म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला मात्र रडू आवरलं नाही. दीड वर्ष तू फोनवर नुसतं ‘हो, हो’ म्हणायचास आणि मी वहिनीला म्हणायचे, दादाला शिष्टपणा आलाय.

आज सकाळी वाचनालय उघडलं तर दाराशी नवी फळी. घासून, पॉलिश करून, कडा गोल केलेली. पण भोक नाही. दुपारी काकांचा निरोप आला: खूण तुमच्या दादांनीच करायची. पट्टी धरायला मी येईन, आणि सुई टेकवल्यावर त्यांच्या शेजारी बसून काय ऐकू येतं ते मी त्यांना सांगेन.

गुरुवारी ये. लोभ होता तेवढाच आहे, मोजून बघ.

धाकटी