मागचं डावं चाक

सोनाळा,
ता. २ नोव्हेंबर २००९

चि. धम्मरत्न यास,
जानरावचे अनेक आशीर्वाद व जयभीम. आम्ही खुशाल आहोत. तुझी खुशाली कळव, आणि लवकर कळव.

पत्रास कारण की, फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू सगळं बरं आहे एवढंच म्हणतोस. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस खरं लिहून बसतो.

काल तुमची कोइमतूरची मोटारींची शर्यत पाहिली. लाईट नव्हती, म्हणून रज्जाकभाईनं पंक्चरच्या दुकानात टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवला. दहा-बारा माणसं होती. निम्म्यांना आपली गाडी कोणती ते ठाऊक नव्हतं, तरी निळं काही दिसलं की ओरडायचे. दयाराम तर बाकावर उभा राहून, शंकरपटात बैलजोडीला हाकारतात तसा हाकारत होता. मग गाडी चाकं बदलायला आत आली. मागच्या डाव्या चाकाशी तू वाकलेला. रज्जाकभाई मोठ्यानं आकडे मोजू लागला. चाक बसलं म्हणून बाकी तिघांचे हात वर झाले, तुझा झाला नाही. तू चाक दोन्ही हातांनी धरून हलवलंस, मग हात वर केलास. तेवढ्यात दोन गाड्या पुढं गेल्या.

तो टीव्हीत बोलणारा हिंदीत ओरडला की हा पोरगा चाकाशी गप्पा मारत बसला की काय, शर्यत इथंच गेली. तेच चार वेळा दाखवलं आणि चारही वेळा तो तेच बोलला. रज्जाकभाईनं मला चहा दिला, तो मी तसाच ठेवून घरी आलो. आज सकाळी स्टँडवर दयारामनं विचारलंच, की काऊन बे जानराव, पोरगा चाकाले काय सांगून राह्यला होता?

माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण ती खोड माझी आहे. पटात छकड्यांच्या चाकाच्या खिळी मी बघायचो. हिंमतरावाच्या छकड्याची खीळ सुटून त्याचा पाय मोडला, तेव्हापासून चाक हलवल्याशिवाय मी हात वर केला नाही, आणि माझा हात वर झाल्याशिवाय झेंडी पडली नाही. तू सात वर्षांचा असताना तुलाही तेच शिकवलं. तुला कामावरून काढलं का? तुझी आई म्हणते, काढलं तं काढू द्या, कापूस वेचाले माणूस भेटून नाही राह्यलं. पण वेचणार काय? बीटीवर लाल्या आला आहे, चार एकरांत पानं वाळल्या मिरचीसारखी. तू परत यावं असं या वावरात काही उरलं नाही.

माया आहेच. उत्तर मात्र अडवून धरू नको.
तुझा बाप,
जानराव


कोइमतूर,
ता. १० नोव्हेंबर २००९

तीर्थरूप बाबांस,
धम्मरत्नचा सविनय जयभीम. पत्र पोचलं. कामावरून काढलेलं नाही, पण चाकावरून काढायचं घाटत आहे. तुम्ही म्हणता तसं कागदावर खरं लिहितो.

चाक घट्टच होतं. हलवायची गरज नव्हती. मोठ्या मेकॅनिकनी विचारलं, का हलवलंस? मी म्हटलं, घरची सवय. ते म्हणाले, तुझ्या घरच्या सवयीला दोन सेकंद लागतात, त्यात आपला तिसरा नंबर गेला. तेरा डिसेंबरच्या शर्यतीपर्यंत ती सोड, नाही तर चाकावर दुसरा माणूस येईल आणि तू मागे टायर लोटशील. बाबा, इथं टायर लोटायला गेलेला माणूस पुन्हा चाकावर आलेला मी पाहिला नाही.

गाडी चालवणारा अल्तमश रागावेल असं वाटलं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, दोनशेच्या वेगात वळण घेताना मी तुझ्या हातावर भरवसा ठेवतो, खोटा हात वर करू नकोस. आता मी दोघांच्या मध्ये सापडलो आहे. रोज सराव करतो. न हलवता हात वर करायला जातो, तर हात उचलत नाही. हलवून करतो, तर उशीर होतो.

दयारामकाकांना सांगा, मी चाकाला विचारत होतो की बाबा, जाऊ का? आईला सांगा, वेचणीला जनकाबाईला बोलवा, एकटीनं वाकू नको. तुम्हीही चहा टाकून उठत जाऊ नका.

तुमची नजर पाठीवर असू द्या.
आपला,
धम्मरत्न


सोनाळा,
ता. १७ नोव्हेंबर २००९

चि. धम्मरत्न यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट आठवली आणि स्वतःचाच राग आला.

पटात पुढं पुढं मी चाकाला हात लावतच नव्हतो. खीळ ठोकली की उठता उठता गुडघा चाकावर दाबायचा. ढिलं चाक गुडघ्याला लगेच कळतं. त्याला वेगळा वेळ लागत नाही, कारण उठायचं तर असतंच. गुडघा दाबलेला आणि हात वर, दोन्ही एकदम. मग तुला हातानं का शिकवलं? तू तेव्हा चाकापेक्षा बुटका होतास. तुझ्या गुडघ्यानं ते हललं नसतं. पुढं तू मोठा झालास आणि सांगायचं राहून गेलं.

खात्री करायला काल रज्जाकभाईच्या दुकानात एका जीपच्या चाकावर करून पाहिलं. रज्जाकभाईनं घड्याळ धरलं. पहिल्यांदा मीच आडवा झालो. दुसऱ्या वेळी जमलं. रज्जाकभाई म्हणे, एक सेकंद भी नहीं लगा, चाचा. त्यानं मुद्दाम नट ढिला ठेवला होता, तोही मी गुडघ्यानं ओळखला. आता गुडघा सुजला आहे आणि तुझी आई तेल लावता लावता बोलून राहिली आहे. ते तू मनावर घेऊ नको. सराव कर.

जीव लावून वाट पाहणारा,
जानराव


सोनाळा,
ता. १४ डिसेंबर २००९

चि. धम्मरत्न यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. कापसाची दुसरी वेचणी उरकली. तुझी आई आणि जनकाबाई, दोघींना तीन दिवसही काम पुरलं नाही, यावरून काय ते समज. सरकी पुन्हा बीटीचीच घ्यायची की अर्ध्यात तूर टाकायची, यावर तुझ्या आईचं आणि माझं जमत नाही.

काल दुकानात पंचवीस माणसं होती. गाडी आत आली, रज्जाकभाईनं मोजायला तोंड उघडलं, आणि चारही हात वर. गाडी गेलीसुद्धा. तो बोलणारा तेव्हा भलत्याच गाडीच्या इंजिनाबद्दल सांगत होता. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. शर्यत संपेपर्यंत नाही. रज्जाकभाई टीव्हीवरच चिडला, अरे हमारे लडके का नाम तो ले! दयारामही हिरमुसला. म्हणे, जानराव, आज तं तुहा पोरगा दिसलाच नाही.

मी म्हटलं, हाव, नाही दिसला. आणि पूर्ण कप चहा प्यालो.

तुझा गुडघा मात्र मी पाहिला.

आहे तसाच राहा, आणि पत्र लिहीत राहा.
तुझा बाप,
जानराव