मापाची वही

३ फेब्रुवारी, सोमवार

खोटं बोलले. बाबांना सांगितलं, आज जादा काम आहे — आणि गेले वृद्धाश्रम बघायला. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या बाईला कसलं आलंय जादा काम! बाबांनी नुसती मान डोलावली.

सगळीकडे फिनेलचा वास. दहा-बारा माणसं टीव्हीसमोर ओळीनं बसवलेली, टीव्ही बंद. मॅनेजर म्हणाला, "शांतता असते आमच्याकडे." कसली शांतता, सगळे चिडीचूप! निघताना हातात माहितीपत्रक कोंबलं.

तीन वर्षांपूर्वी बाबांना माझ्याकडे आणलं तेव्हा मीच म्हणाले होते — बाबा, आता इथून कुठेही जायचं नाही. कुणी विचारलं होतं का मला?

४ फेब्रुवारी

पाठ धरलीय. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

भावाचा फोन. तो परगावी, पण दर रविवारी अकराच्या ठोक्याला हजर, सल्ल्यासकट. "ताई, स्वतःकडे बघ गं जरा. रोज अर्धा तास फिरायला जात जा." जाते की! त्या अर्ध्या तासात बाबांना बाथरूममध्ये धरायला तू येतोस का? "तसं नाही गं, मी एक लेख वाचला —" फोन बाबांच्या हातात दिला. दोघं हवामानावर बोलले.

बाबांचं हल्ली एक नवीनच. टक लावून बघत बसतात माझ्याकडे. हातात पेपर, नजर माझ्यावर. आज वैतागून विचारलं, काय बघताय एवढं? काही चुकलं का माझं? "काही नाही," म्हणाले, आणि पान उलटलं. शहाऐंशीव्या वर्षी माझ्यावर पाळत ठेवतायत!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं ठिकाण. दारात कारंजं, लिफ्टमध्ये गाणी. बाबा सहा महिन्यांत दोनदा पडलेत म्हटल्यावर तिथल्या बाईंचं हसू आटलं. "आमच्याकडे चालते-फिरते ज्येष्ठच असतात." मग चालायचे-फिरायचे थांबले की काय करता? हे विचारलं नाही. अंगात त्राण नव्हतं.

पत्रकं बाबांच्या शिलाई मशीनच्या खणात लपवली. दोन वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी घाईत पॅंटला कमरेशी पिन लावली. सगळ्याच सैल झाल्यात, धुऊन धुऊन कापड गेलं असणार. बाबा दारातून म्हणाले, "पिन लावू नये. कापड फाटतं."

"मग शिवून द्या ना!" — गेलं तोंडातून. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस, आता हात एवढे थरथरतात की सुईत दोरा जात नाही. आणि मी हे बोलले! दिवसभर मनाला लागून राहिलं. संध्याकाळी माफी मागायची होती, पण अंघोळ, औषधं, जेवण यात राहून गेलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं ठिकाण. लहानसं, चौदा माणसांचं. एक निवृत्त हेडसिस्टर चालवतात. खोल्या दाखवायच्या आधी मला बसवलं, चहा दिला. "रात्री किती वेळा उठता?" तीनदा, कधी चारदा. "तुम्ही इथे आलायत ते वडलांना माहीत आहे?"

मी चहाच ढवळत राहिले.

"चोरून आणलेलं माणूस रमत नाही, बाई. त्यांना घेऊन या. आधी पंधरा दिवस राहून बघू देत. आणि सामान त्यांनाच निवडू द्या. आपण भरलं की ती हॉस्पिटलची बॅग होते."

बसस्टॉपवर रडले. शेजारच्या माणसाला वाटलं बस चुकली, त्यानं वेळापत्रक समजावून सांगितलं.

हेही पत्रक खणात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आले तर जेवणाच्या टेबलावर तिन्ही पत्रकं, नीट ओळीत मांडलेली. शिंप्यापासून वस्तू लपवली, ती कुठे? मशीनच्या खणात! अक्कल गहाण टाकली होती मी.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "हे तिसरं बरं वाटतंय. खिडक्या मोठ्या आहेत."

"बाबा, मी फक्त बघायला —"

"शनिवारी जाऊन येऊ."

संपलं! ना राग, ना आवाज. सुटले असं वाटायला हवं होतं, तर संतापच आला मला. इतकं सहज? तीन वर्षं हाडाची काडं केली त्याचं काहीच नाही? एकदा तरी त्यांनी नाही म्हणायचं होतं!

१ मार्च, शनिवार

हेडसिस्टर दारातच उभ्या. बाबांनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छाती बेचाळीस. डावा खांदा उतरता आहे. पर्स त्याच खांद्याला लावता." बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग खो खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानातही असंच. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत बाबांचं माप घेऊन झालेलं असायचं. टेप लावायचे ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मापांच्या वहीत नावं नसायचीच — बँकवाले, उंच मास्तर, रागीट बाई.

बसमध्ये बाबा म्हणाले, "सोमवारपासून राहतो."

३ मार्च

सोडून आले. सामान त्यांनी निवडलं. रेडिओ, चार सदरे, आईचा फोटो, मोठी कात्री. कात्री सिस्टरांनी कपाटात ठेवली म्हणून बाबा रुसले. मी निघाले तर मान वळवून बघितलंही नाही.

४ मार्च

नऊ तास झोपले. उठले आणि स्वतःची लाज वाटली.

९ मार्च, रविवार

भाऊ : "बरं केलंस ताई. पण टाकून दिल्यासारखं नाही ना वाटणार त्यांना?"

फोन ठेवला. बोलता बोलता, त्याच्या तोंडावर. आठवडाभर मी स्वतःला जे विचारतेय, तेच नेमकं बोलला!

१२ मार्च

सिस्टरांचा फोन. बाबा तिथे सगळ्यांच्या कपड्यांना नावं ठेवतायत, टेप आणि खडू मागतायत. मशीनचा खण उघडला. टेपखाली मापांची वही. दुकानातल्या शेवटच्या मापापुढे एक पान कोरं सोडलंय, आणि नंतरच्या पानावर, थरथरत्या अक्षरात : मुलगी. खाली तारखा, त्या इथे राहायला आले त्या महिन्यापासूनच्या. कंबर ३४. ३३. ३२. ३०. शेवटची ओळ २५ फेब्रुवारीची — कंबर २८. मी जातो.

टेप घेऊन आरशासमोर उभी राहिले. अठ्ठावीस.