दिव्यांच्या वाटेवरचा फळा

११ जानेवारी, मंगळवार
आज सकाळी स्कीच्या वाटेवरच्या फळ्यावर मुद्दाम खोटं लिहिलं, कुठलं मेण लावायचं ते. उणे अकरा, म्हणजे स्कीच्या तळाला हिरवं मेण. मी लिहिलं, लाल. लाल वितळत्या बर्फाचं. या थंडीत ते लावलं की तळाला बर्फाचे गोळे चिकटतात, पाऊल सरकत नाही. बावीस वर्षं रोज बरोबर लिहिलं. तरी स्की मंडळाचा अस्ले म्हणतो, तोर्ग्रिम, सगळ्यांकडे आता मेण न लागणाऱ्या स्की आहेत, फळा काढ, तिथे कचऱ्याचा डबा ठेवू. आज कळेल त्याला. हा सूड नाही, शिकवण आहे. प्रार्थनेतही तसंच सांगितलं.

संध्याकाळी सात
पाचला वाटेवरचे दिवे लागले. पहिल्या खांबाखाली उभा राहिलो, मदतीला. एकेचाळीस जण सुर्रकन गेले. कोणी अडखळलं नाही. अस्लेने तर हात हलवला. फळ्यावर खांबाचा उजेड कमी पडत असावा. मंडळाला पत्र लिहायचं.
मग एकट्याने दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक दिव्यापाशी माझी सावली मागून येऊन मला ओलांडून पुढे जाते. आज तीसुद्धा खुपली.

१२ जानेवारी
दुकानात कळलं. काल मी परतल्यावर बोर्गहिल्डबाई वाटेवर आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. लाल मेण लावलेल्या स्की सरकेनात, म्हणून त्या खांद्यावर टाकून दोन किलोमीटर चालत घरी गेल्या. गुडघा सुजलाय.
म्हणजे फळा वाचला जातो. अस्लेला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.
उद्या जाऊन कबूल करायचं. नक्की.

१३ जानेवारी
बर्फ फार पडला. फावडं मारण्यात दिवस गेला.

१५ जानेवारी
त्यांच्या दारापर्यंत गेलो. खिडकीत दिवा होता. जेवत असतील. जेवणात व्यत्यय नको.

१६ जानेवारी, रविवार
प्रार्थनाघरात त्या माझ्याच शेजारी बसल्या. म्हणाल्या, बर्फ चाचपला तर हात म्हणत होता हिरवं, तुझा फळा म्हणाला लाल. या वयात हाताचं काय ऐकायचं रे. मी बोलणारच होतो, पण स्तोत्र सुरू झालं. सगळी सात कडवी म्हटली.

१९ जानेवारी
आज गेलो. टोपी हातात धरून सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी ढवळली. मग म्हणाल्या, गुडघ्याचं काही नाही. पण मला वाटलं, डोकं जायला लागलं आपलं. लेकीला फोन करून तसं सांगून बसले. ती काल आली आणि स्की घेऊन गेली.
मी म्हणालो, आत्ता तिला फोन करतो. त्या म्हणाल्या, राहू दे. मी पडेन म्हणून तिला त्या फार दिवसांपासून न्यायच्याच होत्या. तिला बरं वाटलंय.
घरी जाताना वाटेवर थांबलो. चारही स्क्रू काढले आणि फळा उतरवला. अस्ले दिव्याखालून चालला होता. म्हणाला, चला, ऐकलंस शेवटी.